काटा बदलला की आधी पासंग बघा : संशोधनाच्या अ‍ॅपमधली एरर-मॉनिटरिंग लायब्ररी अपग्रेड करताना

मोबाइल अ‍ॅपमधली एखादी लायब्ररी अपग्रेड करणं हे वरवर पाहिलं तर पाच मिनिटांचं काम. एका फाइलमध्ये आवृत्तीचा आकडा बदलायचा, बिल्ड चालवायचं, लाल ओळी आल्या तर दुरुस्त करायच्या, झालं. कंपनीत काम करणाऱ्या मित्राला विचारलंत तर तो हेच सांगेल, आणि त्याच्या कामापुरतं ते बरोबरही आहे. पण तेच अ‍ॅप तुमच्या प्रबंधासाठी माहिती गोळा करत असेल आणि अपग्रेड होणारी लायब्ररी एरर-मॉनिटरिंगची असेल, तर गोष्ट वेगळी होते. तेव्हा तुम्ही मोजायचं साधन बदलत असता, आणि तेही मोजणी चालू असताना.

आजच्या लेखात हा एकच मुद्दा नीट उलगडून बघू. अपग्रेडनंतर क्रॅशचा आकडा वाढला किंवा कमी झाला, तर बदल अ‍ॅपमध्ये झाला की मोजणाऱ्यात, हे कसं ओळखायचं? आणि ओळखता यावं म्हणून अपग्रेडच्या आधी काय करून ठेवायचं?

उदाहरणासाठी आपण पुण्याच्या मंडईतलं एक काल्पनिक अ‍ॅप घेऊ. महात्मा फुले मंडई १८८६ साली 'रे मार्केट' म्हणून सुरू झाली, आणि आजही तिथे सकाळपासून भाजीची किरकोळ विक्री चालते. समजा, तुमचा अभ्यास रोज किती भाजी न विकता उरते यावर आहे. त्यासाठी तुम्ही साठ गाळेधारकांच्या फोनमध्ये एक छोटं अ‍ॅप टाकून दिलंय. सकाळी माल आला की नोंद, संध्याकाळी उरलेल्या मालाची नोंद. फोन साधे, हात ओले, गिऱ्हाईक समोर उभं. मेथीच्या जुड्या मोजता मोजता अ‍ॅप मध्येच बंद पडलं तर विक्रेता ते परत उघडत बसत नाही, ती नोंद गेलीच. म्हणून या अभ्यासात क्रॅशचा आकडा म्हणजे तुमच्या माहितीत किती भोकं आहेत याचा अंदाज. तो चुकला तर 'उरलेला माल' हा तुमचा मुख्य आकडाही डगमगतो.

लायब्ररी नेमकं करते काय

सेंट्री, फायरबेस क्रॅशलिटिक्स वगैरे साधनांची अंतर्गत रचना वेगवेगळी असली तरी कामाच्या पायऱ्या साधारण सारख्याच असतात.

पहिली पायरी पकडण्याची. अ‍ॅप सुरू होताना लायब्ररी सिस्टीमला सांगून ठेवते की कुणीही न हाताळलेली चूक झाली तर आधी मला कळव. जावा-कोटलिनमधल्या चुकांसाठी एक आकडा लावलेला असतो, नेटिव्ह सी-सी++ भागासाठी वेगळा, आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह वापरत असाल तर जावास्क्रिप्टसाठी तिसरा. आकडा म्हणजे इथे हुक, संख्या नव्हे.

दुसरी पायरी साठवण्याची. अ‍ॅप कोसळत असताना नेटवर्कवर काही पाठवण्याचा भरवसा नसतो. म्हणून लायब्ररी घाईघाईने अहवाल फोनच्या डिस्कवर लिहून ठेवते.

तिसरी पायरी पाठवण्याची. ही बहुतेक वेळा अ‍ॅप पुढच्या वेळी उघडल्यावर होते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. ज्या विक्रेत्याने वैतागून अ‍ॅप पुन्हा उघडलंच नाही, त्याचा शेवटचा क्रॅश तुमच्यापर्यंत सहसा येत नाही. सगळ्यात त्रासलेला माणूस आकड्यात सगळ्यात कमी दिसतो.

चौथी पायरी वाचण्याजोगं करण्याची. प्रकाशित अ‍ॅपमध्ये फंक्शनची नावं आखडून 'ए', 'बी' अशी केलेली असतात. सर्व्हरकडे मॅपिंग फाइल, सोर्स मॅप किंवा डिबग सिम्बॉल्स असतील तरच कोणत्या फाइलच्या कोणत्या ओळीवर अ‍ॅप पडलं ते कळतं.

पाचवी पायरी गठ्ठे बांधण्याची. एकाच कारणाचे शंभर अहवाल आले तर सर्व्हर ते एका 'इश्यू'त गोळा करतो. हे मुख्यतः स्टॅक ट्रेसवरून, म्हणजे चूक होताना कोणती फंक्शन कोणी बोलावली होती त्या यादीवरून ठरतं.

आता बघा, अपग्रेड यातल्या कोणत्याही पायरीला हात लावू शकतं. तुमच्या अ‍ॅपच्या कोडमधली एकही ओळ न बदलता.

अपग्रेड टाळलं तर?

मनात पहिला विचार येतो, मग अभ्यास संपेपर्यंत हातच लावू नये. कधीकधी ते जमतं, आणि जमत असेल तर उत्तमच. पण तीन-चार वर्षांच्या पीएचडीत ते क्वचितच जमतं.

एक कारण प्ले स्टोअरचे नियम. अँड्रॉइड १५ किंवा पुढच्या आवृत्त्यांना लक्ष्य करणाऱ्या नव्या अ‍ॅप्सनी आणि अपडेट्सनी १६ केबी मेमरी पेजला साथ दिली पाहिजे, अशी अट गुगल प्लेने १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू केली. आधी हा आकडा ४ केबी गृहीत धरलेला असायचा. नेटिव्ह क्रॅश पकडणाऱ्या लायब्ऱ्यांमध्ये सी-सी++ मधून तयार केलेला भाग असतो. तो जुन्या पद्धतीने बांधलेला असेल तर लायब्ररीची नवी आवृत्ती घेण्यावाचून पर्याय राहत नाही. म्हणजे तुम्हाला फक्त एक बटण दुरुस्त करून अपडेट टाकायचं असतं, आणि मोजायचं साधन बदलावं लागतं.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. क्रॅशलिटिक्स २०११ मध्ये सुरू झालं, जानेवारी २०१३ मध्ये ट्विटरने ते घेतलं, पुढे ते 'फॅब्रिक' या संचाचा भाग झालं, आणि जानेवारी २०१७ मध्ये गुगलने फॅब्रिक विकत घेऊन ते फायरबेसमध्ये आणायला सुरुवात केली. जुन्या फॅब्रिक एसडीकेला शेवटची मुदत दिली होती १५ नोव्हेंबर २०२०. त्यानंतर जुन्या एसडीकेकडून क्रॅशचे अहवाल येणं बंद होणार होतं. अ‍ॅप मात्र चालूच राहणार. आता कल्पना करा, एखाद्या अभ्यासात ही सूचना कुणी वाचलीच नाही. आलेखावर नोव्हेंबर २०२० च्या मध्यापासून क्रॅशची रेघ खाली येऊन शून्याला टेकते. प्रबंधात वाक्य येतं, 'दुसऱ्या टप्प्यात अ‍ॅपची स्थिरता लक्षणीय सुधारली.' प्रत्यक्षात सुधारलं काहीच नाही, फक्त सांगणारा गप्प झाला.

म्हणून एक साधा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा : क्रॅश शून्य दिसले की आनंद नंतर, आधी मोजणारा जिवंत आहे का ते तपासायचं.

आकडा कुठे कुठे हलतो

अपग्रेडमुळे आकडा हलण्याच्या चार मुख्य जागा आहेत.

पहिली, व्याख्या. 'एएनआर' म्हणजे अ‍ॅप गोठणं, स्क्रीनला हात लावला तरी प्रतिसाद न येणं. जुनी पद्धत अशी की लायब्ररीचाच एक पहारेकरी थ्रेड मुख्य थ्रेडला अधूनमधून हाक मारायचा, आणि पाच सेकंद उत्तर आलं नाही तर 'गोठलं' अशी नोंद करायचा. अँड्रॉइड ११ पासून सिस्टीम स्वतःच सांगते की मागच्या वेळी अ‍ॅप का संपलं, आणि नव्या लायब्ऱ्या त्या नोंदीवर विसंबू शकतात. दोन्हीला डॅशबोर्डवर नाव एकच, 'एएनआर'. पण पहारेकऱ्याला दिसलेलं आणि सिस्टीमने नोंदवलेलं एकच नसतं. शिवाय अँड्रॉइड १० च्या फोनवर नवी पद्धत चालतच नाही. म्हणजे तुमच्या साठ फोनमध्ये जुने किती आणि नवे किती यावर बदल अवलंबून.

दुसरी, भाजक. 'क्रॅश-विरहित सत्रांचं प्रमाण' हा आकडा सगळे देतात, पण सत्र म्हणजे काय? सेंट्रीच्या मोबाइल एसडीकेत मूळ सेटिंग असं आहे की अ‍ॅप ३० सेकंदांपेक्षा जास्त वेळ मागे गेलं तर परत आल्यावर नवं सत्र धरायचं. फायरबेस अ‍ॅनालिटिक्समध्ये मूळ मुदत ३० मिनिटांची आहे. आता मंडईतली एक सकाळ घ्या. विक्रेती नोंद करते, फोन खिशात, गिऱ्हाईक, परत नोंद, मध्येच घरून फोन, परत नोंद. समजा तिने ४० वेळा अ‍ॅप पुढे आणलं आणि दोन वेळा ते पडलं. ३० सेकंदांच्या नियमाने ४० सत्रं, त्यातली ३८ नीट, म्हणजे ९५ टक्के. ३० मिनिटांच्या नियमाने समजा पाचच सत्रं झाली आणि दोन क्रॅश दोन वेगळ्या सत्रांत पडले, तर ५ पैकी ३, म्हणजे ६० टक्के. आणि 'क्रॅश-विरहित वापरकर्ते' मोजले तर तिच्यापुरतं उत्तर शून्य. बाई तीच, फोन तोच, दोन क्रॅशही तेच. म्हणून साधन बदलताना भाजकाची व्याख्या आधी वाचायची, आकडा नंतर.

तिसरी, गठ्ठे. नव्या आवृत्तीत स्टॅक ट्रेसमध्ये एखादी ओळ जास्त यायला लागली, किंवा 'ही ओळ अ‍ॅपची, ही बाहेरच्या लायब्ररीची' हे ठरवण्याची रीत बदलली, की जुनाच दोष नव्या नावाने समोर उभा राहतो. तुमच्या प्रबंधात 'वेगवेगळ्या दोषांची संख्या' असा स्तंभ असेल तर तो एका रात्रीत फुगतो. मॅपिंग फाइल अपलोड करण्याची पद्धत अपग्रेडमध्ये बदलली आणि ती पायरी राहून गेली, तर उलटही होऊ शकतं. वेगळे दोष एकाच न वाचता येणाऱ्या गठ्ठ्यात जाऊन बसतात.

चौथी, पोहोच. किती टक्के अहवाल पाठवायचे, नेट नसेल तर डिस्कवर किती साठवायचे, जुने कधी टाकून द्यायचे, या सगळ्याची मूळ मूल्यं आवृत्तीगणिक बदलू शकतात. सेटिंगची नावं बदलली तर तुमचं जुनं सेटिंग निमूटपणे दुर्लक्षिलं जाण्याचाही धोका असतो. सेंट्रीच्या जावास्क्रिप्ट एसडीकेच्या आठव्या आवृत्तीत वेग मोजण्यासाठीची जुनी 'ट्रान्झॅक्शन सुरू करा' ही पद्धत काढून तिच्या जागी 'स्पॅन' आले, आणि रिअ‍ॅक्ट नेटिव्ह एसडीकेची सहावी आवृत्ती त्याच पायावर उभी आहे. असा बदल बरा, कारण बिल्ड तरी बोंब मारतं. बोंब न मारणारे बदल जास्त सांभाळायचे.

हा प्रश्न नवा नाही

'मोजमापाची मालिका चालू असताना साधन बदललं' हा प्रश्न संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे.

१ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. १६ आण्यांचा रुपया १०० नव्या पैशांचा झाला. हिशेबाने एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, पण पाव पैशाचं नाणं कुठून आणणार? एक आण्याच्या जुडीचा भाव सहा नवे पैसे धरला तर कागदावर भाजी चार टक्क्यांनी स्वस्त झाली, सात धरला तर बारा टक्क्यांनी महाग. भाजीचा भाव मात्र हललेला नाही. त्या वर्षांतल्या भावांचा आलेख काढणाऱ्याला ही पायरी माहीत नसेल तर तो स्वस्ताईची किंवा महागाईची कारणं शोधत बसेल. वजनांचंही तसंच. १९५६ च्या कायद्यानंतर शेर-मणाकडून किलोकडे जाणं टप्प्याटप्प्याने झालं, आणि मधला काही काळ दोन्ही मापं सोबत चालली.

दुसरं उदाहरण हवामानाचं. समुद्राच्या पृष्ठभागाच्या तापमानाच्या जुन्या नोंदींत १९४५ च्या उत्तरार्धात एक अचानक उतार दिसतो, साधारण ०.३ अंश सेल्सियसचा. २००८ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या एका निबंधाने त्याचं कारण दाखवलं. युद्धकाळात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या, आणि त्या इंजिनसाठी आत घेतलेल्या पाण्याचं तापमान मोजत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश जहाजांच्या नोंदींचा वाटा वाढला, आणि ती समुद्रात बादली टाकून पाणी काढत. बादलीतलं पाणी वर येईपर्यंत थोडं निवतं. समुद्र अचानक थंड झालाच नव्हता, मोजणारा हात बदलला होता.

म्हणूनच हवामानशास्त्रात एक तत्त्व मान्य आहे : जुनं साधन काढण्याआधी जुनं आणि नवं काही काळ शेजारी-शेजारी चालवायचं. आपल्या पुण्यातलं 'सिमला ऑफिस' याच शास्त्राचं घर. हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून इथे आलं, म्हणून ते नाव. तापमापकाला जो न्याय, तोच आपल्या लायब्ररीला लावायचा.

मंडईतल्या जुन्या तराजूच्या भाषेत सांगायचं तर पासंग बघायचा. दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मधे येतो का? येत नसेल तर हलक्या बाजूला किती घालावं लागतं? ते आधी कळलं तर काटा थोडा बिघडलेला असूनही वजन बरोबर काढता येतं. न कळता तोललं तर प्रत्येक किलोत चूक.

मग करायचं कसं

आता प्रत्यक्ष कृती. क्रम महत्त्वाचा आहे.

एक. फक्त लायब्ररी बदला. ज्या अपडेटमध्ये लायब्ररी बदलताय त्यात नवं बटण नको, नवा रंग नको, दुसरी कुठलीही लायब्ररी नको. मोह होतो, कारण अपडेट टाकायचंच आहे तर सगळं एकदम उरकावं असं वाटतं. पण मग आकडा हलला तर दोष कुणाच्या माथी मारणार? शक्य असेल तर आधी काहीच न बदलता एक अपडेट टाकून बघा. नुसत्या अपडेटने आकडा किती हलतो तेही कळेल.

दोन. ठरवून चुका पेरा. चाचणीच्या फोनवर जुन्या आणि नव्या आवृत्तीत मोजून चुका घडवा. समजा २५ जावास्क्रिप्टच्या, २५ नेटिव्ह, २५ वेळा अ‍ॅप गोठवणं, आणि २५ चुका विमान-मोड चालू असताना. मग सर्व्हरवर किती पोहोचल्या ते मोजा. समजा जुनीने गोठण्याच्या २५ पैकी १४ पकडल्या आणि नवीने २३, तर हाच तुमचा पासंग. निदान दोन वेगळ्या अँड्रॉइड आवृत्त्यांच्या फोनवर हे करा, आणि गाळेधारक वापरतात तसेच फोन घ्या. प्रयोगशाळेतल्या महागड्या फोनवरचा पासंग मंडईत चालत नाही.

तीन. स्वतःचा एक खडबडीत मोजक ठेवा. अ‍ॅप समोर आलं की फाइलमध्ये लिहायचं 'चालू'. मागे गेलं किंवा बंद केलं की लिहायचं 'नीट बंद'. पुढच्या वेळी उघडताना 'चालू' दिसलं, तर मागची वेळ अचानक संपली. यात बॅटरी संपल्यामुळे झालेले बंदही येतील, कारण तर कळणारच नाही. पण हा मोजक अपग्रेडच्या आधी आणि नंतर तोच राहतो, आणि तेवढ्यासाठीच तो हवा. लायब्ररीचा आकडा दुप्पट झाला आणि हा जागचा हलला नाही, तर संशय मोजणाऱ्यावर घ्या. दोन्ही सोबत वाढले तर अ‍ॅपमध्ये खरंच काहीतरी बिघडलंय. हा मोजक अर्थातच अपग्रेडच्या पुरेसा आधी घालून ठेवायला हवा.

प्ले स्टोअरचं 'अँड्रॉइड व्हायटल्स' हा आणखी एक साक्षीदार. तिथे क्रॅशची धोक्याची रेषा १.०९ टक्के आणि एएनआरची ०.४७ टक्के आहे. पण हे टक्के रोजच्या सक्रिय वापरकर्त्यांचे आहेत, सत्रांचे नाहीत. आणि वापरकर्ते थोडे असतील तर तिथे पुरेसा आकडाच दिसत नाही. साठ गाळेधारकांच्या अभ्यासात त्याच्यावर विसंबू नका.

चार. जुनं-नवं सोबत चालवा, पण एकाच फोनवर नाही. दोन मॉनिटरिंग लायब्ऱ्या एका अ‍ॅपमध्ये एकदम सुरू केल्या तर दोघी एकाच जागी हुक लावतात. एकीने दुसरीला निरोप पुढे दिला नाही, तर तिचे अहवाल गळतात. एकाच लायब्ररीच्या दोन आवृत्त्या तर एका अ‍ॅपमध्ये सहसा बसतच नाहीत. म्हणून फोन वाटून घ्या. साठपैकी तीस चिठ्ठ्या टाकून निवडा, त्यांना नवी आवृत्ती द्या, बाकीच्यांकडे जुनी राहू द्या, दोन ते चार आठवडे.

इथे एक खाचखळगा आहे. 'ज्याने अपडेट केलं तो नवा गट, ज्याने नाही केलं तो जुना' अशी वाटणी करू नका. आपोआप अपडेट बऱ्याच फोनवर वायफाय असताना होतात. घरी वायफाय असलेला विक्रेता आधी अपडेट होतो, नुसत्या डेटा पॅकवर चालणारा मागे राहतो. मग तुम्ही दोन आवृत्त्यांची नाही तर दोन प्रकारच्या घरांची तुलना करत असता. प्ले स्टोअरवरून टप्प्याटप्प्याने अपडेट सोडलं तरी हीच अडचण उरते. साठच फोन असतील तर मंडईत एक फेरी मारून, परवानगी घेऊन, स्वतःच अपडेट करून देणं सगळ्यात सोपं.

पाच. फरकाचं गणित करा. समजा दोन्ही गटांत १०,००० सत्रं झाली. जुन्यात ५० अहवाल, नव्यात ८०. फरक ३०. अशा मोजण्यांत नुसत्या योगायोगाने होणारा चढउतार साधारण दोन्ही संख्यांच्या बेरजेच्या वर्गमुळाइतका असतो. १३० चं वर्गमूळ साधारण ११.४. म्हणजे फरक त्याच्या अडीच पटींहून जास्त, सहज योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही. पण इथे थांबायचं नाही. हे गणित प्रत्येक अहवाल स्वतंत्र आहे असं मानतं. त्या ३० पैकी २५ एकाच जुन्या फोनवरून आले असतील तर गणित कोसळतं. म्हणून आधी फोननिहाय आकडे बघा, मग प्रकारनिहाय. वाढलेले ३० बहुतेक एएनआर असतील, पेरलेल्या चुकांतही नवी आवृत्ती एएनआर जास्त पकडत असेल, आणि स्वतःचा मोजक स्थिर असेल, तर तीन साक्षी जुळल्या. अ‍ॅप बिघडलं नाही, नजर सुधारली.

यातून एक अवघड गोष्टही निघते. नजर सुधारली म्हणजे आधीच्या महिन्यांतही अ‍ॅप तेवढंच गोठत होतं, फक्त दिसत नव्हतं. मग त्या महिन्यांतल्या 'उरलेला माल' नोंदींत तुम्ही मानली त्यापेक्षा जास्त भोकं आहेत. जुन्या आकड्यांना पासंग लावून परत बघावं लागेल. हे काम कुणालाच आवडत नाही, पण परीक्षकाने विचारण्याआधी केलेलं बरं.

माणसांची माहिती

या लायब्ऱ्या क्रॅशच्या आधीच्या हालचालींचा माग ठेवतात. कोणतं बटण दाबलं, कोणत्या पत्त्यावर विनंती गेली, वगैरे. याला ब्रेडक्रम्ब्स म्हणतात. सेंट्रीत मूळ मर्यादा १०० नोंदींची आहे. तुमच्या विनंतीच्या पत्त्यातच विक्रेत्याचा मोबाइल नंबर असेल, तर तो अहवालासोबत सर्व्हरवर गेला. अहवाल पाठवण्याआधी अशी माहिती खोडणारं फंक्शन तुम्ही लिहिलेलं असेलही, पण अपग्रेडनंतर ते चालतंय का? नवी आवृत्ती आणखी काही गोळा करायला लागली का? पेरलेल्या चुकांचे अहवाल मोजण्याबरोबरच उघडून वाचा. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहेच, पण त्याच्याही आधी तुम्ही संमतीपत्रावर काय लिहून दिलंत ते आहे. गोळा होणारी माहिती वाढली तर एथिक्स कमिटीला कळवायचं आणि गाळेधारकांनाही सांगायचं.

प्रबंधात काय लिहायचं

हे सगळं करून पद्धतीच्या प्रकरणात एक परिच्छेद पुरतो. साधारण असा :

'अभ्यासाच्या अमुक दिवशी त्रुटी-नोंदणीची लायब्ररी अमुक आवृत्तीवरून तमुक आवृत्तीवर नेण्यात आली. त्या अद्ययावतीकरणात अन्य कोणताही बदल केला नाही. बदलापूर्वी दोन्ही आवृत्त्यांची प्रत्येकी १०० पेरलेल्या त्रुटींवर चाचणी घेतली. प्रकारनिहाय पकड तक्त्यात दिली आहे. यादृच्छिक निवडीने ३० सहभागींकडे नवी व ३० सहभागींकडे जुनी आवृत्ती चार आठवडे समांतर चालवली. सत्राची व्याख्या दोन्ही टप्प्यांत स्वतंत्र मोजकाने एकसारखी ठेवली. आलेखात बदलाची तारीख उभ्या रेषेने दाखवली आहे.'

शेवटचं वाक्य विसरू नका. ती उभी रेषा काढायला एक मिनिट लागतं. रेषा असली की वाचणारा तिच्या दोन बाजू आपोआप वेगळ्या वाचतो. नसली तर तो त्या उडीला स्वतःचं कारण शोधून देतो, आणि बहुतेक वेळा चुकीचं.

तुमचं अ‍ॅप सध्या लोकांच्या फोनवर चालू असेल, तर या आठवड्यात तीनच गोष्टी करा. लायब्ररीची नेमकी आवृत्ती आणि तारीख वहीत लिहा. 'चालू' आणि 'नीट बंद' वाला मोजक घाला. आणि एक चूक मुद्दाम घडवून ती सर्व्हरवर पोहोचते का बघा. अपग्रेड कधी करावं लागेल हे तुमच्या हातात नसतं, पण पासंग आधी बघून ठेवणं असतं.